ख्रिस्ती मतानुसार आत्मा कोणाला असतो, आणि स्वर्गात नेमकं कोण जाऊ शकतं?

कुतूहलराव

नमस्कार मंडळी. आधीच सांगून ठेवतो, हा कुणाचा धर्म सोलायला काढलेला धागा नाही. खरंच माहिती हवी आहे. ज्यांना भांडायचंच आहे त्यांच्यासाठी राजकारणाचे धागे दुथडी भरून वाहतायत.

माझे दोन सहकारी ख्रिश्चन आहेत, एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट. गप्पांत मी सहज विचारलं, की माझ्यासारखा कुठलाच धर्म फारसा न पाळणारा, पण जाणूनबुजून कुणाचं वाईट न करणारा माणूस तुमच्या स्वर्गात जाईल का? कॅथलिक म्हणाला, "जाशीलही, ते देव ठरवेल." प्रॉटेस्टंट बाई म्हणाल्या, "येशूला स्वीकारल्याशिवाय नाही. मित्र आहेस म्हणून गोड बोलून फसवत नाही." मग जुंपली ती त्या दोघांचीच. मी ऐकत बसलो.

त्यातच प्राण्यांचा विषय निघाला. एक म्हणे प्राण्यांना आत्मा नसतो, दुसरा म्हणे असतो, पण शरीराबरोबर मरतो. मरणारा आत्मा! 'नैनं छिन्दन्ति शस्त्राणि' पाठ करत वाढलेल्या डोक्याला हे काही झेपेना.

तर प्रश्न असा: आत्मा कोणाला असतो आणि स्वर्गात कोण जाऊ शकतं, याचं ख्रिस्ती धर्मात एक ठरलेलं उत्तर आहे का? नसेल तर कोण काय मानतं, आणि का?

खवट_म्हातारा

प्रवेशअर्जाची शेवटची तारीख काय ते आधी सांगा. माझी प्रत्येक शेवटची तारीख आजवर चुकलेली आहे.

रेबेका_स

मी प्रॉटेस्टंट घरातली, आजोबा पाळक (चर्चचे धर्मगुरू) होते. तुमच्या सहकारी बाई म्हणाल्या तेच आम्ही रविवारच्या शाळेत शिकलो. योहानाच्या शुभवर्तमानात (१४:६) येशू म्हणतो की मार्ग, सत्य आणि जीवन मीच आहे, माझ्याद्वारे आल्याशिवाय पित्याकडे कोणी येत नाही. आमच्याकडे बहुतेक सगळं या एका वचनावर उभं आहे.

पण एक गैरसमज होतो तो दूर करते. याचा अर्थ 'ख्रिश्चन चांगले, बाकीचे वाईट' असा नाही. तारण, म्हणजे पापातून सुटका, कर्मांनी मिळतच नाही, देवाच्या कृपेने विश्वासाद्वारे मिळतं, हा प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरपासूनचा आमचा गाभा आहे. म्हणजे 'मी कुणाचं वाईट केलं नाही' हा मुद्दा तुमच्या कामाचा नाही, तसा माझ्याही कामाचा नाही. रोज चर्चला जाणाऱ्या माणसाचा चांगुलपणाही तिथे चालत नाही.

आणि खवटकाका, तुमच्यासाठी खास: लूक २३ वाचा. येशूशेजारी क्रूसावर टांगलेला चोर अगदी शेवटच्या घटकेला म्हणतो, माझी आठवण ठेव. येशू त्याला सांगतो, आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. ना बाप्तिस्मा, ना दानधर्म, ना चर्चची हजेरी.

खवट_म्हातारा

आवडला हा चोर. त्याच्याच रांगेत उभा राहतो.

शून्यवादी

रेबेका, कृपेनेच मिळतं तर ती कृपा सगळ्यांवर का नाही करत? निवडून काहींवरच कशाला?

रेबेका_स

हाच प्रश्न विचारून आमच्या लोकांनी एकमेकांची डोकी फोडली आहेत. कॅल्विन या प्रॉटेस्टंट सुधारकाच्या परंपरेत उत्तर असं, की देवाने कोणाला वाचवायचं ते सृष्टीच्या आधीच ठरवलं, आणि ते माणसाच्या लायकीवर नाही. आर्मिनियस या डच धर्मशास्त्रज्ञाच्या शिष्यांना हे पटलं नाही. ते म्हणाले, कृपा सगळ्यांना देऊ केलेली आहे, माणूस ती नाकारू शकतो. नेदरलँड्समध्ये डॉर्टच्या धर्मसभेत (१६१८-१९) आर्मिनियसवाल्यांना चुकीचं ठरवलं आणि त्यांच्या पाळकांना पदावरून काढलं. पण मत काही मेलं नाही. पुढे मेथडिस्टांचा जॉन वेस्ली त्याच बाजूचा. त्यामुळे 'प्रॉटेस्टंट काय मानतात' असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, कुठले?

अंतोन_द

आता कॅथलिक बाजू. तुमच्या सहकाऱ्याने दिलेलं उत्तर बरोबर आहे, पण ते आजचं उत्तर आहे. 'चर्चबाहेर तारण नाही' हे सूत्र तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या सिप्रियनपासून चालत आलेलं. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेच्या फर्मानात तर स्पष्ट नावं घेतली आहेत: मूर्तिपूजक, ज्यू, पाखंडी आणि फुटून गेलेले ख्रिस्तीसुद्धा, मरणाआधी चर्चमध्ये आले नाहीत तर सगळे सार्वकालिक अग्नीत.

मग दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा. १९६४ च्या तिच्या दस्तऐवजात लिहिलं आहे की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची आणि चर्चची ओळख नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे जगू पाहतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. देवाची ओळख पटली नाही तरी सरळ जगू पाहणाऱ्यांबद्दलही तिथे आशेचं वाक्य आहे.

गंमत बघा. अमेरिकेत बॉस्टनला फादर लेनर्ड फीनी म्हणून जेझुइट या कॅथलिक संघाचे एक पाद्री होते. ते शेवटपर्यंत सांगत राहिले की चर्चबाहेर कुणालाही तारण नाही, म्हणजे नाही. रोमने समजावलं, बोलावलं, ते गेले नाहीत. १९५३ मध्ये त्यांनाच बहिष्कृत केलं! कागदोपत्री कारण आज्ञाभंग. 'बाहेर तारण नाही' म्हणणारा माणूस स्वतःच बाहेर. १९७२ मध्ये परत आत घेतलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे मत बदलायला लावलं नाही.

शून्यवादी

म्हणजे १४४२ ला अग्नी आणि १९६४ ला आशा. मधल्या पाचशे वर्षांत आत गेलेल्यांची फेरतपासणी झाली का?

अंतोन_द

टोमणा रास्त आहे. चर्चचं म्हणणं असं की शिकवण बदलली नाही, उमजत गेली. १४४२ च्या लोकांना वाटायचं की सुवार्ता सगळीकडे पोचलेली आहे, न मानणारा तो मुद्दाम न मानणारा. पुढे अमेरिका खंड सापडला आणि लक्षात आलं की अख्खे देश असे आहेत जिथे येशूचं नावही कुणी ऐकलेलं नाही. मग 'दोष कोणाचा' हा प्रश्न टाळता येईना. मला स्वतःला 'उमजत गेली' हे जरा सोयीचं वाटतं. बदलली म्हणावं, त्यात लाज कसली?

विसाव्या शतकात कार्ल रानर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने 'अनामिक ख्रिस्ती' अशी कल्पना मांडली: जो कृपेला आतून होकार देतो तो नाव न घेताही ख्रिस्ताचाच.

सुलभा_ताई

अंतोन, यातला प्रेमळपणा कळतो, पण न विचारता सभासद करून घेतल्यासारखं वाटतं हो. उद्या मी म्हटलं की तुम्ही सगळे अनामिक वारकरी, तर चालेल?

अंतोन_द

मला चालेल. :) पण ताई, तुमचा आक्षेप हान्स क्युंग या कॅथलिकानेच घेतला होता: प्रामाणिक ज्यू किंवा नास्तिक माणसाला 'तू खरा आमचाच' म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

टिपणवही

उशिरा आलो, म्हणून जरा लांब लिहितो. माझ्या मते कुतूहलराव दोन वेगळे प्रश्न एकत्र विचारतायत. 'आत्मा कोणाला' हा एक, 'स्वर्ग कोणाला' हा दुसरा. आणि दोन्हींची उत्तरं कोणी शांतपणे बसून ठरवलेली नाहीत. दर वेळी दारात कोणीतरी अनोळखी येऊन उभं राहिलं आणि मग आतल्यांची पळापळ झाली.

पहिली वेळ तर येशूनंतर वीसेक वर्षांतच. सगळे सुरुवातीचे अनुयायी ज्यू. परराष्ट्रीय लोक येऊ लागले तेव्हा प्रश्न पडला की यांनी आधी सुंता करून ज्यू व्हायचं का? काही जण ठामपणे म्हणत होते की त्याशिवाय तारण नाही. 'प्रेषितांची कृत्ये' १५ मध्ये यरुशलेमातली ही सभा सविस्तर आहे, तिथे ठरलं की नको. म्हणजे आज आपण ज्याला ख्रिस्ती धर्म म्हणतो तो या एका निर्णयावर उभा आहे. ती सभा उलट गेली असती तर हा धागाच निघाला नसता.

आता माझं आवडतं प्रकरण. नवव्या शतकात रिंबर्ट नावाचा धर्मोपदेशक उत्तर युरोपात काम करत होता. तिकडे कुत्र्याचं तोंड असलेली माणसं राहतात अशी वदंता. त्याने कॉर्बीच्या मठातल्या रात्रामनुस या विद्वानाला मत विचारलं: ही माणसं की जनावरं? आदामाची लेकरं असतील तर त्यांना सुवार्ता सांगावी लागेल. रात्रामनुसने हसण्यावारी नेलं नाही. त्याने विचारलं, ते कसे राहतात? गावं करून राहतात, शेती करतात, कायदे पाळतात, अंग झाकतात, जनावरं पाळतात असं कळलं. मग त्याचा निष्कर्ष: लाज आहे, कायदा आहे, म्हणजे बुद्धी आहे, बुद्धी आहे म्हणजे आत्मा आहे. तोंड कसलं का असेना. याचा पाया संत ऑगस्टिन या धर्मशास्त्रज्ञाने चारशे वर्षांपूर्वीच घालून ठेवला होता: शरीराचा आकार कितीही विचित्र असो, बुद्धी असलेला मर्त्य मानव असेल तर तो आदामाच्याच वंशातला.

गोंधळी

कुत्रमुख्यांना आत्मा आहे, मग पूर्ण कुत्र्याला का नाही? तोंड तर मिळालं, बाकी अंगानेच अडवलं का?

टिपणवही

@गोंधळी, थांबा, कुत्र्यांकडे येतो. आधी काळी बाजू सांगू द्या, नाहीतर नुसती मजा वाटेल.

स्पॅनिश लोक अमेरिकेत पोचल्यावर तिथल्या लोकांना गुलाम करायला बरं पडावं म्हणून 'हे बुद्धिहीन, पशुवत, धर्म समजायलाच नालायक' असं म्हणणारे निघाले. तेव्हा पोप तिसऱ्या पॉलने १५३७ मध्ये जाहीरनामा काढला: हे खरेखुरे मानव आहेत, श्रद्धेला पात्र आहेत, त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावता येणार नाही. छान ना? पण त्याबरोबर जे शिक्षेचं फर्मान होतं ते पुढच्याच वर्षी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या दबावाखाली मागे घ्यावं लागलं. १५५०-५१ मध्ये स्पेनमधल्या बायादोलिदला, स्थानिकांची बाजू घेणारा साधू लास कासास आणि त्याच्या विरोधातला विद्वान सेपूल्वेदा यांचा प्रसिद्ध वाद झाला. तो 'आत्मा आहे की नाही' असा नव्हता, जसा नेहमी सांगतात. आत्मा आहे हे दोघांना मान्य. सेपूल्वेदाचं म्हणणं, आत्मा असला तरी काही लोक स्वभावतःच गुलाम असतात, हे अॅरिस्टॉटलने सांगितलंय. मला हे जास्त भयंकर वाटतं. आत्मा मान्य केल्याने कुणाची बेडी सुटली नाही. खुद्द लास कासासने आधी आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती, पुढे त्याला तिचा पश्चात्ताप झाला.

चाफेकळी

बायकांना आत्मा असतो की नाही यावर चर्चने मतदान घेतलं होतं आणि एका मताने बायका जिंकल्या, असं लहानपणापासून ऐकत आलेय. ते कुठलं?

टिपणवही

@चाफेकळी, असं मतदान झालेलं नाही. ५८५ च्या माकोनच्या धर्मसभेवर हे खापर फोडतात. त्या काळचा इतिहासकार तूरचा ग्रेगरी याने लिहिलंय ते एवढंच: एका बिशपने शंका काढली की 'मानव' या शब्दात स्त्री धरता येते का. बाकीच्यांनी बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाचा दाखला दिला की देवाने नर आणि नारी निर्माण करून दोघांना तेच नाव दिलं, आणि तो गप्प बसला. सभेच्या ठरावांत हा विषयसुद्धा नाही. आत्म्याची गोष्ट लोकांनी पुढे जोडली. त्या आधी कितीतरी शतकं चर्च स्त्रियांना बाप्तिस्मा देत होतं आणि हुतात्मा स्त्रियांना संत मानत होतं, तेव्हा ही शंका कुणाला असणं अवघडच.

चाफेकळी

बरं झालं. पण आत्मा दिला आणि पुरोहितपद नाही दिलं, हेही लिहून ठेवा त्या वहीत.

गोंधळी

कुत्रा!! कुत्रा राहिला!

खवट_म्हातारा

आता कोणीतरी युधिष्ठिर आणेल. मी घड्याळ लावून बसलोय.

सुलभा_ताई

तुम्हीच आणलात की.

अंतोन_द

कुत्र्याचं उत्तर थॉमस अक्वायनसकडे (तेरावं शतक). त्याने अॅरिस्टॉटलकडून तीन पायऱ्या घेतल्या. झाडांना वाढीचा आत्मा, प्राण्यांना संवेदनेचाही, माणसाला त्यावर बुद्धीचा. म्हणजे आत्मा सगळ्या सजीवांना आहे. शरीराला जिवंत ठेवणारं तत्त्व तो आत्मा. पण प्राण्याचा आत्मा जे काही करतो, बघणं, भुकेजणं, घाबरणं, ते सगळं शरीराच्या अवयवांतून. शरीर गेलं की त्याला करायला काही उरत नाही, म्हणून तोही संपतो. माणसाची बुद्धी मात्र कुठल्याच अवयवाला बांधलेली नाही, म्हणून ती टिकते. कुतूहलराव, तुमचा 'मरणारा आत्मा' तो हा. तुमचे दोन्ही सहकारी आपापल्या परीने बरोबर होते.

२०१४ च्या डिसेंबरात 'पोप फ्रान्सिस म्हणाले, कुत्रेही स्वर्गात जातात' अशी बातमी जगभर झळकली होती. ती खोटी निघाली. ते वाक्य फ्रान्सिस यांचं नव्हतंच, सहाव्या पॉलच्या नावावर सांगितली जाणारी जुनी गोष्ट होती. मात्र फ्रान्सिस यांनी २०१५ च्या पर्यावरणावरच्या परिपत्रात जे खरोखर लिहिलं (परिच्छेद २४३) ते जवळजवळ तिथेच पोचतं: सार्वकालिक जीवनात प्रत्येक जीव रूपांतरित होऊन आपली जागा घेईल.

रेबेका_स

शास्त्रवचनं दोन्ही बाजूंना आहेत. रोमकरांस पत्र ८ म्हणतं की सगळी सृष्टी मुक्त होण्याची वाट पाहत कण्हते आहे. जॉन वेस्लीने यावरूनच प्रवचन दिलं होतं की प्राण्यांनाही त्यांचं हरवलेलं सुख परत मिळेल. उलट बाजूला बायबलचं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण २२:१५ आहे. स्वर्गीय नगरीचं वर्णन चालू असताना तिथे सरळ लिहिलंय की 'कुत्रे बाहेर'. :D

गोंधळी

हा अन्याय आहे. घोड्यांचं काय?

रेबेका_स

पांढरा घोडा त्याच पुस्तकात स्वर्गातून येतो (१९:११). घोड्याला प्रवेश आहे. (कुत्रे म्हणजे तिथे दुराचारी माणसं हो. मांजरवाल्यांनी उगाच खूश होऊ नये.)

टिपणवही

कुत्र्यांची भरपाई करतो. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये लियाँजवळ संत गिनफोर्ट म्हणून एका संताच्या समाधीवर आया आजारी मुलांना घेऊन जायच्या. एतिएन द बुर्बों नावाचा डॉमिनिकन साधू चौकशीला गेला आणि कळलं की संत म्हणजे शिकारी कुत्रा! मालकाच्या बाळाला सापापासून वाचवलं, मालकाने तोंडाला रक्त पाहून बाळाला यानेच खाल्लं असं समजून त्याला मारलं, मग खरं कळल्यावर विहिरीत पुरून वर झाडं लावली. ओळखीची वाटली ना गोष्ट? पंचतंत्रातलं मुंगूस. ती फिरत फिरत तिथवर गेली आणि मुंगसाचा कुत्रा झाला. साधूने हाडं उकरून जाळली, राई तोडली. तरी लोक पुढे कित्येक शतकं तिथे जातच राहिले.

खवट_म्हातारा

रोमने नाकारलं, आयांनी मानलं. माझं मत आयांना.

निशिगंधा

मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. हिंदू आहे. तुम्ही सगळे गमतीत आहात म्हणून लिहावं की नाही असं वाटत होतं.

एका रात्री अपुऱ्या दिवसांचं बाळ हाती लागत नव्हतं. आई कॅथलिक. फादरांना निरोप गेला होता, पण ते पोचतील असं दिसेना. ती मला म्हणाली, तुम्ही कराल का? मी म्हटलं, अहो मी तुमच्यातली नाही. ती म्हणाली, चालतं, मला माहीत आहे. तिने सांगितलेली वाक्यं म्हणत मी बाळाच्या कपाळावर तीनदा पाणी सोडलं. बाळ पहाटे गेलं. फादर आले तेव्हा मी भीत भीत सांगितलं. ते म्हणाले, बाप्तिस्मा झाला, परत करायची गरज नाही.

मला आजही नीट कळलेलं नाही की मी जे केलं नसतं तर त्या बाळाचं काय झालं असतं, त्यांच्या मते. इथे कोणी जाणकार सांगेल का? टर उडवणार नसाल तर.

अंतोन_द

निशिगंधाताई, आधी तुम्हाला नमस्कार. फादर बरोबर बोलले. तातडीच्या वेळी कुणीही, स्वतः बाप्तिस्मा न झालेली व्यक्तीसुद्धा, चर्चचा हेतू मनात ठेवून पाण्याने आणि त्या शब्दांनी बाप्तिस्मा देऊ शकते. तो पूर्ण मानला जातो.

तुमच्या प्रश्नाचा इतिहास मात्र क्लेशकारक आहे. ऑगस्टिनचं मत होतं की मूळ पापामुळे, म्हणजे आदामापासून प्रत्येकाला जन्मतःच लागलेल्या पापामुळे, बाप्तिस्मा न झालेली बाळंसुद्धा दोषी, त्यांना शिक्षा होते, फक्त सगळ्यात सौम्य. मध्ययुगीन विद्वानांना हे पेलवेना, म्हणून 'लिंबो' आला: दुःख नाही, यातना नाही, नैसर्गिक सुख आहे, पण देवाचं दर्शन नाही. पिढ्यान्‌पिढ्या आयांना हेच सांगितलं गेलं. लिंबो ही अधिकृत शिकवण कधीच नव्हती, पण ज्यांनी बाळं पुरली त्यांना हा फरक कोण समजावणार? १९९२ च्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात लिंबोचं नाव नाही. तिथे म्हटलंय की अशा बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवतं. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने अजून पुढे जाऊन लिहिलं की ही बाळं तारली जातात अशी आशा धरायला भक्कम आधार आहेत.

म्हणजे आजच्या कॅथलिक विचाराने, तुम्ही पाणी सोडलं नसतं तरी त्या बाळावर दार बंद झालं नसतं. पण त्या आईसाठी तुम्ही जे केलंत ते केलंत.

निशिगंधा

धन्यवाद.

शून्यवादी

ताई, टर नाही उडवणार. पण ज्या विचाराने शेकडो वर्षं आयांना असं रडवलं, त्याला 'उमजत गेली' म्हणून सोडून देता येत नाही, एवढंच म्हणतो. आत्महत्येचंही तेच ना?

अंतोन_द

हो, तेच. १९१७ च्या कायद्यानुसार जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारायचे. १९८३ च्या नव्या संहितेत ती बंदी गाळली, आणि धर्मशिकवणीत लिहिलं की अशा व्यक्तीच्या तारणाबद्दल निराश होऊ नये. घरच्यांनी जे सोसलं ते सोसलंच. तुमच्याशी वाद नाही.

संपादक

धागा अजून सभ्य आहे याबद्दल आश्चर्यमिश्रित आभार. दोन प्रतिसाद उडवले आहेत, कोणाचे ते त्यांना माहीत आहे.

सुलभा_ताई

मला या सगळ्यात एक गोष्ट खटकते आहे. आपण 'आत्मा कोणाला असतो' असं विचारतोय, जणू तो हातात धरायची वस्तू आहे. वेदान्तात मी आत्माच आहे, शरीर हे मला असतं. ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, त्यात रेड्याला आत्मा आहे का ही शंकाच नाही. ख्रिस्ती विचारात आत्मा आणि 'मी' यांचं नातं काय?

अंतोन_द

ताई, इथेच खरी गोची आहे, आणि मला वाटतं कुतूहलरावांचा गोंधळही यातूनच आलाय. अक्वायनसने पौलाच्या पत्रावर भाष्य करताना चक्क लिहिलंय की माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. नुसता आत्मा वाचला तर मी वाचलो असं होत नाही. शरीर परत मिळालं पाहिजे. म्हणून श्रद्धांगीकारात (प्रार्थनेत म्हणतात ते श्रद्धेचं निवेदन) 'आत्म्याच्या अमरत्वावर' असं वाक्य नाही, 'मृतांच्या पुनरुत्थानाची' वाट पाहतो असं आहे. मेल्यावर आत्मा ढगांत जाऊन वीणा वाजवत बसतो, हे चित्र चर्चमधल्यांच्याही डोक्यात घट्ट बसलंय, पण बायबलचा शेवट ढगांत होत नाही. नवं आकाश, नवी पृथ्वी, आणि नगरी वरून खाली येते.

रेबेका_स

इथे माझं आणि अंतोनचं शंभर टक्के जमलं, नोंद घ्या. पुनरुत्थानावरच्या या भरवशामुळेच दहनाला एवढा विरोध होता. कॅथलिकांना दहनाची मोकळीक १९६३ मध्ये मिळाली, आणि राख उधळू नये, घरीही ठेवू नये, हे २०१६ मध्ये परत बजावलं.

आणि काही पंथ तर वेगळा अमर आत्मा मानतच नाहीत. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्टांच्या मते मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत गाढ झोपलेला असतो, आणि दुष्टांचा शेवट म्हणजे कायमचा नाश, कायमची यातना नाही. यहोवाचे साक्षीदारही अमर आत्मा नाकारतात. त्यांच्या मते स्वर्गात जाणार फक्त १,४४,००० (प्रकटीकरण ७ आणि १४ मधला आकडा), बाकीचे नीतिमान लोक याच पृथ्वीवर, नंदनवनात.

खवट_म्हातारा

१,४४,०००? मग चोराच्या मागे माझा नंबर लागणं कठीण दिसतंय.

गोंधळी

आणि मेलेल्यांना नंतर आत घेता येतं का? मॉर्मन पंथाबद्दल काहीतरी ऐकलं होतं.

टिपणवही

घेता येतं, त्यांच्या मते. मृताच्या वतीने जिवंत माणूस बाप्तिस्मा घेतो. पुढे स्वीकारायचं की नाही ते त्या मृतात्म्याने ठरवायचं. याचमुळे वंशावळ्या गोळा करण्याचं त्यांचं काम प्रचंड आहे. पण ज्यू वंशसंहारात मारल्या गेलेल्यांची नावंही त्यात घातल्याचं उघड झालं आणि ज्यू संघटना संतापल्या. १९९५ मध्ये ती नावं काढायचा करार झाला. सुलभाताईंचा 'न विचारता सभासद' इथे अक्षरशः घडला.

परग्रहवासीयांचंही सांगून टाकतो, नाहीतर गोंधळी विचारणारच. व्हॅटिकनला स्वतःची वेधशाळा आहे. तिथले खगोलशास्त्रज्ञ गाय कॉन्सोल्मान्यो यांना २०१० मध्ये विचारलं, परग्रहावरच्या जीवाला बाप्तिस्मा द्याल का? त्यांचं उत्तर, त्याने मागितला तर. रात्रामनुसपासून फार काही बदललेलं नाही, फक्त कुत्र्याच्या तोंडाच्या जागी आता सोंडा आल्या.

शून्यवादी

नरक राहिला. प्रेमळ देव आणि कायमचा नरक, हे गणित कुणी सोडवलंय का?

अंतोन_द

सोडवायचा प्रयत्न झालाय. तिसऱ्या शतकातला ओरिजेन म्हणत होता की शेवटी सगळेच देवाकडे परततील. त्याच्या नावाने चालणाऱ्या मतांचा सहाव्या शतकात निषेध झाला. पण असंच काहीसं लिहिणारा न्यिसाचा ग्रेगरी मात्र संत राहिला. सातव्या शतकातला सिरियाचा आयझॅक म्हणतो की दयाळू हृदय सरपटणाऱ्या जिवांसाठी आणि सैतानांसाठीसुद्धा रडतं. त्याच्या मते नरकातली यातना म्हणजे प्रेमाविरुद्ध वागल्याची टोचणी. देवाचं प्रेम तिथेही थांबत नाही.

कुतूहलराव

बापरे, मी दोन ओळींचं उत्तर मागितलं होतं! सगळं वाचलं. आत्म्याचं बरंचसं कळलं. पण एक नवीनच घोटाळा झालाय. अंतोन म्हणाले की 'स्वतःचा दोष नसताना ज्यांना माहीत नाही' त्यांना सूट. आता तुम्ही सगळ्यांनी मिळून मला एवढं सांगितलंत, की माझी सूट गेली म्हणायची!

अंतोन_द

हाहाहा. नाही गेली. 'माहीत असणं' म्हणजे माहिती असणं नव्हे. चर्च तारणासाठी आवश्यक आहे हे आतून पटलेलं असूनही जो मुद्दाम नाकारतो त्याच्याबद्दल ते कलम आहे. धागा वाचून कुणाला काही पटल्याचं आजवर पाहिलेलं नाही.

टिपणवही

कुतूहलराव, तुमचा पहिला प्रश्न सातशे वर्षांपूर्वी इटालियन कवी दान्तेने 'डिव्हाइन कॉमेडी'त विचारून ठेवलाय, आणि उदाहरण आपल्याच बाजूचं घेतलंय. स्वर्गखंडाच्या एकोणिसाव्या सर्गात तो म्हणतो: सिंधूच्या काठी एक माणूस जन्मतो, तिथे ख्रिस्ताबद्दल बोलणारं कोणी नाही, त्याचं वागणं, बोलणं निर्दोष, तो बाप्तिस्म्याशिवाय मरतो. त्याचा दोष काय? उत्तर देणारा गरुड आधी दान्तेला झापतो की न्याय करणारा तू कोण. मग सांगतो की 'ख्रिस्त, ख्रिस्त' ओरडणारे कितीतरी लोक न्यायाच्या दिवशी, ख्रिस्ताला न ओळखणाऱ्यापेक्षा लांब उभे असतील. आणि पुढच्याच सर्गात ट्रॉयचा रिफेयस, ख्रिस्तापूर्वीचा माणूस, थेट स्वर्गात बसलेला दिसतो.

रेबेका_स

दान्ते कवी होता, टिपणवही. मी शास्त्रावर राहते. पण शास्त्रातही मत्तय २५ आहे, आणि तो उतारा मला दर वेळी अडवतो. तिथे शेवटचा न्याय करणारा राजा कुणाला श्रद्धा विचारतच नाही. भुकेल्याला खायला दिलंत, परक्याला आत घेतलंत, तुरुंगातल्याला भेटलात, म्हणून या. आणि ज्यांना आत बोलावलं तेच गोंधळून विचारतात, प्रभो, तुला आम्ही कधी पाहिलं?

कुतूहलराव

मग तुमचं योहान १४:६ आणि हे, दोन्ही एकत्र कसं बसतं?

रेबेका_स

आमच्यातले पुष्कळ भाष्यकार म्हणतात की त्या उताऱ्यातले 'माझे कनिष्ठ बंधू' म्हणजे येशूचे शिष्य, त्यामुळे त्यांना मदत करणं म्हणजे सुवार्तेचा स्वीकारच. तसं घेतलं तर बसतं. आजोबांना हा अर्थ मान्य नव्हता, ते म्हणायचे भुकेला म्हणजे भुकेला. मी अजून दोन्हीकडे आहे. अंतोन, तुमच्याकडे याचा अर्थ कसा लावतात?

अंतोन_द

आजोबांसारखाच. पण मग कृपेचं काय करायचं, हे तुम्ही विचारणार. सवडीने लिहितो.